पापाचे वाटेकरी

मार्सेय या फ्रेंच बंदराचे नाव मराठी वाचकास परिचित आहे ते ८ जुलै १९१० रोजी 'मोरिया' बोटीच्या गवाक्षातून सावरकरांनी तेथील पाण्यात घेतलेल्या उडीमुळे. आणि त्या उडीचा मामला पुढे हेग येथील आंतरराष्ट्रीय लवादापुढे गेला, हेही अनेकांस ज्ञात आहे. त्याच नगरात जून २०१६ मध्ये एका फुटबॉल सामन्याच्या निमित्ताने जो दंगा उसळला, त्याची योग्यता त्या इतिहासप्रसिद्ध प्रसंगाशी तोलण्याइतकी अर्थातच नाही. दंगे होतात, शमतात, आणि त्यांचे कागद यथावकाश दप्तरात पिवळे पडतात. परंतु कित्येकदा असे होते की, जो प्रश्न थोर प्रसंगांच्या तेजात दिसेनासा होतो तो एखाद्या क्षुद्र आणि ओंगळ प्रसंगात उघडावाघडा होऊन आपल्यासमोर उभा राहतो. समुदायाच्या हातून पाप घडले असता ते कोणाच्या खात्यावर मांडावयाचे, हा प्रश्न या जातीचा आहे.

प्रथम हकीकत. युरोपीय राष्ट्रांच्या अजिंक्यपद स्पर्धेतील इंग्लंड आणि रशिया यांचा सामना ११ जून रोजी तेथील वेलोड्रोम क्रीडागारात व्हावयाचा होता. आदल्या नोव्हेंबरात पॅरिस येथे झालेल्या हत्याकांडानंतर फ्रान्सभर आणीबाणी जारी होती आणि स्पर्धेच्या बंदोबस्तासाठी देशभरात सुमारे ९० हजार माणसे नेमलेली होती, तेव्हा सरकार गाफील होते असे म्हणण्यास जागा नाही. तरीही सामन्याच्या दोन दिवस अगोदरपासून जुन्या बंदराच्या काठची मद्यगृहे इंग्रज प्रेक्षकांनी ओसंडू लागली. आधी गाणी, मग इतरांस डिवचणारी गाणी, मग रिकाम्या बाटल्यांची फेकाफेक, मग स्थानिक तरुणांशी हातघाई आणि पोलिसांचा अश्रुधूर, अशा पायऱ्यांनी प्रकरण चढत गेले. सामन्याच्या दिवशी मात्र त्याचे स्वरूपच पालटले. सरकारी वकील ब्रीस रोबँ यांच्या अंदाजाप्रमाणे दीडशेच्या आसपास रशियन, कवायत केल्यासारखे एकदिलाने आणि अतिशय चपळाईने, त्या झिंगलेल्या जमावावर तुटून पडले. त्यांच्यापैकी कित्येकांनी मुष्टियोद्धे दातांवर चढवतात तसले रबरी कवच तोंडात धरले होते आणि हातांत झुंजीचे मोजे घातले होते. काहींनी तर आपला पराक्रम चित्रित व्हावा म्हणून अंगावर लहान कॅमेरे बांधले होते. फरसबंदीवर गिऱ्हाइकांसाठी मांडलेल्या उपाहारगृहांच्या खुर्च्या क्षणार्धात शस्त्रे झाल्या. रात्रीचा सामना एकास एक गोल असा बरोबरीत सुटला, आणि शेवटची शिटी होते न होते तोच रशियन प्रेक्षकांचा एक लोंढा इंग्रजांच्या बाजूस शिरला, तेव्हा माणसे कठड्यांवरून उड्या टाकून वाट फुटेल तिकडे पळाली. एकंदर ३५ जण जखमी झाले, त्यांतील काहींची अवस्था चिंताजनक होती.

या साऱ्याचा न्यायालयीन हिशेब मोठा उद्बोधक आहे. काही इंग्रजांस तडकाफडकी अल्प मुदतीची कैद झाली. तीन रशियनांस एक ते दोन वर्षांची शिक्षा झाली. वीस रशियनांस, त्यांच्या प्रेक्षकसंघटनेच्या प्रमुखासह, हद्दपार करण्यात आले. आणि डोक्यावर आघात होऊन जो एक इंग्रज जन्माचा अधू झाला त्याच्या प्रकरणी, चार वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, डिसेंबर २०२० मध्ये एक्स-आँ-प्रोव्हाँस येथील न्यायालयाने दोघा रशियनांस अनुक्रमे दहा आणि तीन वर्षांची सजा फर्मावली. याउलट युरोपीय फुटबॉल महासंघाने रशियाच्या संघास दीड लाख युरोचा दंड करून, क्रीडागारात असा प्रकार पुन्हा घडल्यास स्पर्धेतून बाद करण्यात येईल अशी शिक्षा त्याच्या डोक्यावर टांगून ठेवली. म्हणजे ज्या खेळाडूंनी कोणाच्या अंगास बोटही लावले नव्हते त्यांच्या गळ्यात प्रेक्षकांच्या कृत्याचे लोढणे अडकवले. एक इन्साफ मूठभरांस धरतो आणि बाकीच्यांस मोकळे सोडतो. दुसरा सर्वांस धरतो आणि त्यांत निरपराध्यासही सोडत नाही. पहिल्यास पुराव्याची मर्यादा आहे, दुसऱ्यास न्यायाचीच चाड कमी आहे.

हा पेच आजचा नव्हे. इसवी सन ५९ मध्ये पाँपेई नगराच्या रंगणात झुंजकऱ्यांचे खेळ चालू असताना पाँपेईकर आणि शेजारच्या नुकेरिया गावचे पाहुणे यांच्यात आधी शिवीगाळ, मग दगडफेक आणि अखेर शस्त्राशस्त्री झाली, आणि पाहुण्यांपैकी बरेच मारले गेले, असे टॅसिटस या रोमन इतिहासकाराने नमूद केले आहे. सम्राट नीरोने ते प्रकरण सिनेटकडे सोपवले. सिनेटने खेळ भरवणाऱ्या लिव्हिनेयस रेग्युलसला आणि दंग्याच्या चिथावणीखोरांना हद्दपार केले, बेकायदा मंडळ्या मोडल्या, आणि त्या नगरास असले मेळे भरवण्याची दहा वर्षे मनाई केली. मार्सेयनंतर जे झाले ते याहून फारसे निराळे नाही: काही व्यक्तींस शासन आणि उरलेल्या समुदायास सरसकट शिक्षा. आपल्याकडे अशोकाच्या पहिल्या शिलालेखात 'समाज' म्हणजे उत्सवी मेळे भरवू नयेत, राजास त्यांत पुष्कळ दोष दिसतात, असे सांगून लगेच, काही मेळे मात्र राजास संमत आहेत, अशी पुस्ती जोडलेली आहे. त्या पुस्तीत राज्यकर्त्याची सारी अडचण सामावली आहे. मेळा मोडावा तर आनंदही मोडतो, आणि राखावा तर दोषही राखला जातो. तेव्हा दोष मेळ्याचा की मेळ्यातील माणसाचा, हे ठरवल्यावाचून गत्यंतर नाही.

सर्वांस दंड करणे हा मार्ग सत्तेस सोयीचा असतो, आणि म्हणूनच तो संशयास्पद असतो. १९४२ च्या चळवळीत इंग्रज सरकारने गावेच्या गावे अपराधी ठरवून त्यांवर सामुदायिक दंड बसवले, तेव्हा तार तोडणारा फरारी असे आणि दंडाची रक्कम त्या प्रकरणाशी काडीचा संबंध नसलेल्या कुटुंबाकडून वसूल होई. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा हा प्रकार होता. ज्या परंपरेत कर्माचा सिद्धान्त मान्य आहे तिला तर हा मार्ग पत्करणे अशक्यच आहे. जो करील तो भोगील, दुसऱ्याचे कर्म आपल्या माथी येत नाही आणि आपले दुसऱ्याच्या माथी ढकलता येत नाही, हा त्या सिद्धान्ताचा कणा आहे.

दुसरे टोक आधुनिक शास्त्राने पुढे केले. गुस्ताव्ह ल बाँ या फ्रेंच ग्रंथकाराने १८९५ मध्ये गर्दीच्या मानसशास्त्रावरील आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, आणि त्यात असे प्रतिपादले की गर्दीत शिरताच मनुष्याचे स्वतंत्र मन लोपते, तेथे एक सामुदायिक मन उत्पन्न होते, आणि त्या मनाच्या अमलाखाली सज्जन मनुष्यही रानटी होऊन वागतो. हे वर्णन ज्याने एखादी पिसाळलेली गर्दी जवळून पाहिली आहे त्यास पटण्याजोगे वाटते. पण त्याचा नैतिक परिणाम असा होतो की, ज्याचे मन लोपले त्यास जबाबदार धरता येत नाही, आणि जे सामुदायिक मन जबाबदार आहे ते गर्दी पांगताच हवेत विरते, म्हणून पापास धनीच उरत नाही. मार्सेयच्या रशियनांनी या उपपत्तीचा पाया उखडला आहे. दातांचे कवच गर्दीच्या भरात सुचत नाही. ते अगोदर विकत घ्यावे लागते, सामानात घालावे लागते, सीमेवरून न्यावे लागते, आणि यांतील प्रत्येक पावली मनुष्य पूर्ण शुद्धीवर असतो. त्या दीडशेंच्या बाबतीत गर्दीने मन हरपले नव्हते. पूर्वीच सिद्ध केलेल्या मनास गर्दीने आडोसा दिला होता.

मग सत्य कोठे आहे? आपल्याकडील वाल्या कोळ्याची कथा या ठिकाणी मोलाची आहे. नारदाने विचारले, ज्यांच्यासाठी तू वाटमारी करतोस ते तुझ्या पापाचे वाटेकरी होतील काय? वाल्या घरी गेला, आणि बायकापोरांनी साफ नकार दिला. ही कथा सांगताना आपण बहुधा एवढेच म्हणतो की पाप ज्याचे त्याला. परंतु त्या कुटुंबाचे काय? जे अन्न त्यांच्या पानात पडत होते त्याचा उगम त्यांस ठाऊक नव्हता असे कथा कोठेही म्हणत नाही. त्यांचा नकार वाल्यास उपयोगी पडला, कारण त्याने त्याचे डोळे उघडले. पण त्या नकाराने ती माणसे स्वतः निर्दोष ठरली, असे मानण्यास मात्र काहीच आधार नाही. पतंजलीने योगसूत्रांत हिंसादी दोषांचे तीन प्रकार केले आहेत: स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करविलेले आणि दुसऱ्याने केले असता अनुमोदन दिलेले. जैन आचारशास्त्रातही कृत, कारित आणि अनुमोदित ही त्रयी मूलभूत आहे. या दोन गोष्टी एकत्र वाचल्या म्हणजे उकल होते. वाल्याची कथा सांगते की वाटेकरी मिळाल्याने कर्त्याचे पाप घटत नाही. पतंजली सांगतो की वाटेकऱ्यांस स्वतःचे असे नवे पाप लागते. शेजारणीने चुलीतला विस्तव नेला म्हणून आपली चूल थंड होत नाही, आणि तिच्या घरी मात्र नवी चूल पेटते. पापाची वाटणी होते ती अशी. गर्दीत शिरणाऱ्या मनुष्याचा हिशेब चुकतो तो येथेच, की हजारांत वाटले गेले तर आपल्या वाट्यास हजारावा अंश येईल, असे तो धरून चालतो.

ही त्रयी मार्सेयच्या प्रसंगास लावून पाहिली असता प्रत्येक पायरीवर माणसे उभी दिसतात. कृत हा प्रकार न्यायालयास ठाऊक आहे. कारित सिद्ध करणे कठीण, म्हणून सरकार तेथे हद्दपारीवर भागवते. परंतु अनुमोदित? सामन्यानंतर रशियन संसदेच्या दूमा या सभागृहाचे तेव्हाचे उपाध्यक्ष आणि त्या देशाच्या फुटबॉल संघटनेच्या कार्यकारिणीचे सभासद इगोर लेबेदेव यांनी, प्रेक्षकांच्या मारामारीत आपणास काही वावगे दिसत नाही, पोरांनी असेच चालू ठेवावे, अशा आशयाचा मजकूर जाहीरपणे लिहिला. ते मार्सेयच्या फरसबंदीवर नव्हते, त्यांच्या हाती खुर्ची नव्हती, आणि कोणत्याही न्यायालयात त्यांजवर फिर्याद दाखल होणे शक्य नव्हते. दंडविधानाच्या दृष्टीने ते नामानिराळे राहिले. पतंजलीच्या दृष्टीने ते तिसऱ्या प्रकारचे वाटेकरी होत. पाँपेईतही असा वाटेकरी सापडतो. तेथील एका घराच्या भिंतीवर त्या दंग्याचे चित्र होते, ते आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. त्यात रंगणावर ताणलेले छत दिसते, बाहेर झाडांखालचे फिरत्या विक्रेत्यांचे मांडव दिसतात, आणि आत व बाहेर एकमेकांवर तुटून पडलेली चिमुकली माणसे दिसतात. देवादिकांची, फळांची, उद्यानांची चित्रे काढून घेता आली असती, त्या जागी कोणा गृहस्थाने शेजारगावच्या पाहुण्यांची कत्तल रंगवून घेतली, आणि तिच्या सान्निध्यात तो उठतबसत राहिला. अंगावर कॅमेरा बांधणाऱ्या रशियनाचा आणि या गृहस्थाचा स्वभाव एकच: घडलेल्या पापाची गोडी पुनःपुन्हा चाखता यावी, ही दोघांची इच्छा आहे.

येथे कोणी आक्षेप घेईल की अशाने पाहणारा प्रत्येक जण दोषी ठरेल, आणि सर्वच दोषी ठरले की दोष या कल्पनेस अर्थ उरणार नाही. आक्षेप सबळ आहे. त्याचे उत्तर देण्यापूर्वी संत ऑगस्टिनने आपल्या आत्मनिवेदनात सांगितलेली अलिपियस या मित्राची गोष्ट लक्षात घ्यावी. रोममध्ये कायद्याचा अभ्यास करणाऱ्या अलिपियसला झुंजींचा तिटकारा होता. मित्रांनी त्यास बळेच तेथे नेले, तेव्हा त्याने डोळे गच्च मिटून घेतले आणि मनाशी निश्चय केला की शरीर येथे असले तरी चित्त येथे असणार नाही. इतक्यात प्रेक्षकांतून एक प्रचंड आरोळी उठली, कुतूहलाने डोळे उघडले, आणि रक्त पाहताच तो त्या क्रौर्याने असा धुंद झाला की पुढे इतरांस घेऊन तो स्वतःच तेथे जाऊ लागला. अलिपियसचे पतन त्याने पाहिले म्हणून झाले नाही. पाहण्यात त्यास रस उत्पन्न झाला तेव्हा झाले. दंगा पाहून जो हळहळतो, जखमीस उचलतो, ठाण्यात जाऊन जबानी देतो, त्याच्याही डोळ्यांनी तेच दृश्य पाहिलेले असते, पण तो साक्षीदार असतो, बघ्या नसतो. शिवाय पतंजलीने या दोषांस मृदू, मध्य आणि तीव्र अशा पायऱ्याही लावलेल्या आहेत, आणि लोभ, क्रोध, मोह अशी त्यांची उगमस्थानेही वेगवेगळी दाखवली आहेत. तेव्हा सर्व वाटेकरी दोषी असले तरी सर्व समान दोषी नाहीत, आणि सर्व समान दोषी नाहीत म्हणून कोणी निर्दोषही नाही. दंडविधानास हा तरतमभाव मोजता येत नाही. त्याने मोजू नये हेच इष्ट, कारण अनुमोदनाचा पंचनामा करू पाहणारे सरकार लवकरच अंतःकरणाची झडती घेऊ लागेल. ही झडती ज्याची त्याने घ्यावयाची असते, आणि धर्म नावाच्या गोष्टीचे मुख्य प्रयोजन तेच आहे.

अशी झडती सर्वांत अवघड होते ती परक्या नगरात. स्वतःच्या गल्लीत मनुष्य कोणाचा तरी मुलगा, जावई, भाडेकरू, सावकाराचा ऋणको असतो, आणि सत्त्वगुणाने नाही तरी लोकलज्जेने तो आवरला जातो. प्रवाशास त्या नगरात नाव नसते, तीन दिवसांनी तो तेथून जाणार असतो, आणि नगरालाही त्याच्या पैशाची गरज असल्याने ते त्याच्याकडे काणाडोळा करते. मार्सेयची जन्मकथाच अतिथीची आहे. ख्रिस्तपूर्व ६०० च्या सुमारास फोकिया येथून आलेल्या ग्रीक खलाशांपैकी प्रोटिस यास तेथील राजकन्या जिप्टिस हिने स्वयंवरात पात्र पुढे करून वरले आणि नगराची स्थापना झाली, असे सांगतात. त्याच बंदराच्या काठी अडीच सहस्र वर्षांनी पाहुण्यांनी पाहुण्यांची डोकी फोडली. आपल्या स्मृतिकारांनी आणि पुराणकारांनी प्रवाशाचा हा धोका ओळखून एक विलक्षण नियम सांगून ठेवला आहे: अन्यत्र केलेले पाप तीर्थक्षेत्री नाहीसे होते, पण तीर्थक्षेत्री केलेले पाप वज्रलेप होऊन बसते. यात्रेकरूस असे बजावले जाई की घरापासून दूर आहेस म्हणून तुझी सुटका नाही, उलट येथे तुझ्या कर्माचा भार वाढला आहे. आजच्या पर्यटकाने हा नियम नेमका उलटा केला आहे. बाहेरगावी केलेले बाहेरगावीच राहते आणि परतीच्या विमानात बसताच आपण शुचिर्भूत होतो, अशी त्याची श्रद्धा आहे, आणि कित्येक पर्यटननगरांची अर्थव्यवस्था या श्रद्धेवर उभी आहे.

तथापि गर्दी म्हटली की पाप आलेच, हेही खरे नाही, आणि याचा पुरावा त्याच फ्रान्समध्ये मिळतो. १९९८ च्या विश्वचषकाच्या वेळी इंग्लंड आणि ट्युनिशिया यांच्या सामन्याच्या निमित्ताने याच मार्सेयमध्ये दंगा झाला होता. पण त्याच स्पर्धेसाठी आलेले स्कॉटलंडचे प्रेक्षक पॅरिस, बोर्दो आणि सँत-एतियेन येथे मोठ्या संख्येने जमले, मद्यपानातही ते मागे नव्हते, आणि तरीही त्यांच्याकडून दंगा झाला नाही. क्लिफर्ड स्टॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोन समुदायांचा तुलनात्मक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध केला, त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते की इंग्रजांहून आपण निराळे आहोत, आपण दंगेखोर नाही, हा स्कॉटिश प्रेक्षकांचा अभिमानाचा विषय होता, आणि त्यांच्यातील कोणी हात उचलू लागला तर शेजारचे स्कॉटिश प्रेक्षकच त्यास आवरीत. तेथे गर्दी होती, मद्य होते, परके नगर होते, राष्ट्राभिमानही होता. नव्हते ते केवळ अनुमोदन. हे एक काढून घेताच बाकीची सारी सामग्री निरुपद्रवी झाली.

आणि हा विचार परक्यांपुरता ठेवून आपणास निसटता येणार नाही. १३ मार्च १९९६ रोजी कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात श्रीलंकेच्या २५१ धावांचा पाठलाग करताना आपला संघ आठ बाद १२० असा कोसळला, तेव्हा प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या आणि सज्जांत आगी लावल्या. सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइड यांनी सामना श्रीलंकेस बहाल केला, आणि नाबाद राहिलेला मुंबईचा विनोद कांबळी रडत मैदानाबाहेर गेला, ते दृश्य देशाने पाहिले. आगी लावणारे हात थोडे असतील. पण त्या संध्याकाळी घराघरांत, संघ इतका वाईट खेळला तर लोक चिडणारच, असे जे म्हटले गेले, त्यात किती जणांचा वाटा होता? 'चिडणारच' या शब्दातील अटळपणा हाच अनुमोदनाचा सर्वांत सभ्य पोशाख आहे. त्यात शिवी नाही, समर्थनही नाही, केवळ एक समजूतदार निःश्वास आहे, आणि बाटली फेकणाऱ्यास लागते ते नेमके एवढेच असते.

म्हणून समुदायाच्या पापास धनी नाही असे म्हणणे जितके असत्य, तितकेच सारा समुदाय एकजात पापी आहे असे म्हणणेही असत्य आहे. त्या पापास धनी पुष्कळ असतात, प्रत्येकाचे पाप पूर्ण त्याचे स्वतःचे असते, आणि ते आपापल्या जातीचे व आपापल्या तीव्रतेचे असते. यांतील करणाऱ्यांचा बंदोबस्त सरकारने करावा; करविणाऱ्यांचा माग जमेल तितका काढावा. पण या दोघांची संख्या नेहमीच अल्प असते आणि ते आपल्या बळावर फार काळ उभे राहू शकत नाहीत. त्यांस जो पाठबळ पुरवतो तो हसून सोडून देणारा, टाळी वाजवणारा, चित्र दुसऱ्यास दाखवणारा आणि 'चालायचेच' म्हणणारा बहुसंख्य मनुष्य होय. त्याच्यावर कोणाचाही हुकूम चालत नाही, आणि म्हणूनच त्याने रोखून धरलेली एक टाळी नव्वद हजारांच्या बंदोबस्ताला जे साधले नाही ते साधू शकते. आपण हात लावला नाही, हे उत्तर न्यायाधीशापुढे पुरेसे आहे. स्वतःपुढे उभे राहिल्यावर मात्र, ते घडत असताना आपणास काय वाटले, एवढे सांगावेच लागते.